गुणिले बारा

बाबांना लकवा मारला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि गोंदियाच्या एका खासगी कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. घर तिरोड्याला. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. वीज प्रकल्पाच्या चिमण्या तेव्हा नुकत्या उभ्या राहत होत्या. आमच्या गच्चीवरून त्या दिसायच्या, आणि घरात मात्र रोज दुपारी तीन-चार तास लाइट नसायची.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक. निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. आमच्या मोहल्ल्यात ते अजून 'गुरुजी'च होते. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. बुद्धविहाराच्या बाहेरच्या भिंतीवर एक काळा फळा होता, त्यावर दर रविवारी सकाळी ते एक सुविचार लिहीत. आधी ओल्या फडक्यानं फळा पुसायचा, वाळू द्यायचा, मग दोरा धरून पुसट ओळी आखायच्या आणि सावकाश लिहायचं. येणारे-जाणारे थांबून वाचत. काही जण नुसतं अक्षर पाहायला थांबत. लहानपणी मी त्यांच्या बाजूला खडूची पेटी धरून उभी राहायची. मला चित्रकलेचं शिकायचं होतं, पण कॉम्प्युटर शिकलं तर लवकर कामाला लागता येईल म्हणून कॉम्प्युटर शिकले. त्याचा मला राग नव्हता. पण इन्स्टिट्यूटमध्ये दिवसभर पोरापोरींना टायपिंग आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकवताना माझे हात रिकामे असल्यासारखे वाटत.

एकदा इंटरनेटवर एक व्हिडिओ पाहिला. एका अंधाऱ्या खोलीत माणसं भिंतीसमोरून चालत होती आणि त्यांच्या सावल्यांना पानं फुटत होती. माणूस थांबला की पानं गळायची. मी तो व्हिडिओ कितीदा पाहिला, सांगता येणार नाही. हे कसं करतात ते शोधत गेले, तर कळलं की यासाठी एक फुकट सॉफ्टवेअर मिळतं आणि त्यात प्रोग्राम लिहावा लागत नाही. पडद्यावर छोटे छोटे डबे मांडायचे आणि एका डब्यातून दुसऱ्यात वायर जोडायची. एक डबा कॅमेऱ्याचा, एक आवाजाचा, एक रंगाचा, एक आकड्याचा. एका टोकाकडून काहीतरी आत जातं आणि दुसऱ्या टोकाकडून चित्र होऊन बाहेर येतं.

शिकवायला कोणी नव्हतं. मदतीची पानं इंग्रजीत, तीही अर्धीच कळायची. वायर चुकली की डबा लाल व्हायचा आणि का लाल झाला ते सांगायचा नाही. इन्स्टिट्यूटच्या मालकांना मी हे शिकतेय असं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मैडम, इसका क्लास कौन लगाएगा गोंदिया में?" त्यांचं खरंच होतं. पण त्यांनी जुना वेबकॅम घरी न्यायला दिला. तीन-चार महिन्यांत मला एवढं जमलं की टाळी वाजवली की पडद्यावरचं वर्तुळ फुगायचं. आईनं दोनदा टाळी वाजवून पाहिली आणि म्हणाली, "बरं आहे. पण याचं करतेस काय?"

त्याचं काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं. ते नंतर सापडलं, आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी बाबा दात घासताना मोरीतच बसले. उजवी बाजू गेली होती. शेजाऱ्यांच्या गाडीतून गोंदियाला नेलं. आठ-नऊ दिवस दवाखान्यात होते. बोलणं थोडं जड झालं, पण परत आलं. पायही हळूहळू आला. काठी धरून ते घरात फिरू लागले. हात मात्र आला नाही. खांद्यापासून लोंबकळत राहायचा आणि बोटं अर्धवट मिटलेली असायची.

फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "पहिले काही महिने फार महत्त्वाचे आहेत. या दिवसांत जेवढी मेहनत कराल तेवढं परत येईल. नंतर जमत नाही असं नाही, पण फार अवघड जातं." त्यांनी व्यायाम लिहून दिले. स्पंजचा बॉल दाबायचा. बोटांनी भिंत चढायची. ताटात लाखोळीच्या डाळीचे दाणे पसरून एकेक उचलून वाटीत टाकायचे. हे सगळं दिवसातून तीन वेळा, आणि दर आठवड्याला गोंदियाला दाखवायला यायचं.

बाबांना त्या ताटाची लाज वाटायची. आई लाखोळी पसरून ठेवायची आणि ते चिमटीत दाणा धरायला बघायचे. दाणा निसटायचा. दहा मिनिटांत वाटीत दोन दाणे पडायचे. दारातून कोणी आलं की ते ताट बाजूला सरकवायचे. "हे अंगणवाडीचं काम आहे," म्हणायचे. "माह्याच्यानं नाई होत."

तेव्हा मला ते सुचलं. लाल रंगाचं पेनाचं टोपण मी बँडेजच्या पट्टीनं त्यांच्या तर्जनीला बांधलं. कॅमेरा तो लाल ठिपका शोधणार, आणि ठिपका जिकडे सरकेल तिकडे पडद्यावर रेघ उमटणार. पडद्याचा रंग मी काळा ठेवला आणि रेघ पांढरी, खडूसारखी थोडी खरबरीत. हात टेबलावर उशी ठेवून तिच्यावर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, हलवून बघा."

त्यांनी सगळा जोर लावला. कपाळावर घाम आला. पडद्यावर मधोमध एक बारीक गुंता झाला, मुंगी फिरावी एवढा. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बस. बंद कर."

दुसऱ्या दिवशी त्यांना परत बसवायच्या आधी मी एक डबा वाढवला. गुणाकाराचा. हात मूळ जागेवरून किती सरकला तो आकडा कॅमेऱ्याकडून यायचा; तो मी पाचानं गुणून रेघेकडे पाठवला. आणि थरथर दिसू नये म्हणून मध्ये रेघ गुळगुळीत करणारा दुसरा डबा लावला. दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम.

बाबांनी मनगट जरासं हलवलं आणि रेघ पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

ते हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. परत हलवलं, परत रेघ गेली. मग हळूहळू, जीभ ओठावर ठेवून, त्यांनी 'अ' काढला. वाकडा होता, पण 'अ'च होता. त्यांनी आईला स्वयंपाकघरातून हाक मारली. "इकडे ये. पाह्य, हात येऊन राहिला माहा."

मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "छान आहे बाबा, अजून करा."

आपण त्यांच्या आनंदासाठी गप्प बसलो असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. ते अर्धंच खरं होतं. त्या रेघा फार देखण्या यायच्या. निरोगी हातानं तशी रेघ निघत नाही. माझ्या हाताची मी काढून पाहिली, ती सपाट यायची. बाबांची रेघ कुठेतरी अडायची, मग सुटायची, मग झोल घ्यायची. मी प्रत्येक दिवसाची रेघ साठवून ठेवायला लागले. नागपूरला एका कला महाविद्यालयात नव्या माध्यमांचं प्रदर्शन भरणार होतं आणि बाहेरच्यांचीही कामं ते मागवत होते. ते मी वाचलं होतं, आणि रेघा साठवताना ते माझ्या डोक्यात होतं.

पाचाचे आठ झाले. एखाद्या दिवशी बाबा थकलेले असले की रेघ आखूड यायची, मग मी आकडा वाढवायची. आठाचे बारा झाले. बारावर ते अख्खे शब्द लिहू लागले. पडद्यावर 'शाळा' लिहिलं, 'पाणी' लिहिलं, आईचं नाव लिहिलं. लाखोळीचं ताट मागे पडलं. बॉल खाटेखाली गेला. आईनं आठवण केली तर म्हणायचे, "तिथं होऊन राहिलं ना. मंग हे कायले?"

आई एकदा मला म्हणाली, "पडद्यावर लिहितात, पण ताटातला घास काऊन उचलत नाहीत?"

"हळूहळू होईल," मी म्हटलं.

गोंदियाच्या फेऱ्याही चुकायला लागल्या. सुट्टीच्या दिवशी त्यांना घेऊन जायचं काम माझं होतं आणि सुट्टीच्या दिवशी मला डबे-वायरींचं काम असायचं. प्रदर्शनात माझं काम निवडलं गेलं होतं. समोर उभं राहून कोणी हात हलवला की त्याची रेघ उमटेल आणि तिला लागून बाबांच्या साठवलेल्या रेघांतली एक उमटेल, असं मी जमवत होते. डॉक्टरबाईंचा फोन आला. "येत नाही आहात. घरी बॉल आणि भिंतीचा व्यायाम चालू आहे ना?"

"हो मॅडम, रोज," मी म्हटलं. फोन ठेवला आणि परत वायरी जोडायला बसले. खोटं बोलताना माझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही, हे मला आता जास्त लागतं.

वैशाख पौर्णिमेच्या आधी विहाराच्या समितीचे सचिव घरी आले. तब्येत विचारायला आले होते. फळा तेवढे महिने एक कॉलेजची मुलगी लिहीत होती. बोलता बोलता बाबा म्हणाले, "पौर्णिमेचा फळा मी लिहितो."

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. "जमेल गुरुजी?"

"घरी रोज लिहून राहिलो. विचारा हिले."

आणि मी होकाराची मान हलवली. आई दारात उभी होती, तिनंही पाहिलं. त्यानंतर पौर्णिमेपर्यंत चार दिवस होते. चारही दिवस मी ठरवत होते की आज सांगते. एकदा तर त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसले. ते वहीतून सुविचार निवडत होते, डाव्या हातानं पानं उलटत. "कोणता घेऊ?" म्हणून मला विचारलं. मी एक निवडून दिला आणि उठले.

पौर्णिमेला सकाळी ते पांढरी पँट, पांढरा सदरा घालून निघाले. विहाराच्या अंगणात पन्नास-साठ माणसं होती. पांढऱ्या लुगड्यातल्या बाया, पोरंसोरं, बाबांचे जुने विद्यार्थी. कॉलेजच्या त्या मुलीनं फळा आधीच पुसून, ओळी आखून ठेवला होता. बाबांनी काठी माझ्याकडे दिली. डाव्या हातानं खडू उजव्या बोटांत बसवला. मग डाव्या हातानंच उजवं कोपर धरून हात वर उचलला आणि फळ्याला टेकवला.

खडू खाली घसरत आला. एक सरळ रेघ पडली, वीतभर, आणि खडू हातातून सुटून पडला. त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, पण काठीशिवाय वाकता येईना.

सचिव पुढे आले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, राहू द्या. पुढच्या वेळी."

बाबा फळ्याकडे तोंड करून तसेच उभे होते. मी खडू उचलला. त्यांच्या हातात द्यावा की नाही ते मला कळेना. ते म्हणाले, "तू लिही." मी लिहिलं. माझं अक्षर बरं आहे, पण त्या दिवशी ओळ सरळ आली नाही. ते माझ्या बाजूला शेवटच्या शब्दापर्यंत उभे राहिले आणि मग आत जाऊन सगळ्यांबरोबर वंदनेला बसले.

घरी आल्यावर चहा झाला. मग म्हणाले, "घरी तं होत होतं. तिथं काऊन नाई झालं?"

आई समोरच होती. मी सांगितलं. कॅमेरा, आकडा, गुणाकार. त्यांना ते नीट समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. "दाखव," म्हणाले. मी कॉम्प्युटर लावला, डबा उघडून दाखवला.

"कितीनं गुणलं?"

"बारानं."

"एक कर."

मी एक केला. त्यांनी स्वतःच टोपण बोटात अडकवायला हात पुढे केला. मी पट्टी बांधली. त्यांनी बराच वेळ हात हलवला. पडद्याच्या मधोमध तोच बारीक गुंता झाला. पहिल्या दिवसापेक्षा फरक नव्हता. ते त्याच्याकडे पाहत बसले.

"एवढंच आहे तं एवढंच," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मी कोणत्या पोराले खोटे मार्क नाई देल्ले कधी. नापास तं नापास सांगतलं. त्याले माहीत पाहिजे ना बाई, का आपल्याले किती अभ्यास कराचा आहे."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

यानंतर मी नागपूरला जायला नको होतं. मी गेले. सगळं ठरलेलं होतं, नाव छापलेलं होतं, आणि मला जायचं होतं. प्रदर्शनात बाबांच्या रेघांचा आकडा मी बाराच ठेवला, कारण एकवर त्या भिंतीवर दिसल्याच नसत्या. लोक येऊन हात हलवत होते, रेघा उमटत होत्या. एका प्राध्यापकबाईंनी विचारलं, "ही दुसरी रेघ कोणाची? फार वेगळी आहे." मी म्हटलं, "एका वयस्क माणसाची." माझ्या वडिलांची, असं माझ्या तोंडातून निघालं नाही. त्यांनी पुन्हा दोनदा हात हलवून पाहिला आणि माझा फोन नंबर घेतला. त्याच ओळखीतून पुढे मला पुण्यात काम मिळालं. आज मी जे काम करते त्याची सुरुवात तिथली आहे.

परत आले तेव्हा बाबा अंगणात खुर्चीवर बसले होते. "आवडलं लोकायले?"

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांच्या मांडीवर स्पंजचा बॉल होता.

पुढच्या आठवड्यात त्यांना गोंदियाला नेलं. डॉक्टरबाईंनी खांदा फिरवून पाहिला, बोटं उघडून पाहिली. खांदा आखडला होता. त्यांनी वही बंद केली आणि थोड्या कडक आवाजात विचारलं, "तुम्ही तर रोज करतात म्हणून सांगितलं होतं. बॉल सोडला होता का मधे?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "मीच आळस केला मॅडम. पोरगी सांगे, मी ऐकलं नाही. घरी हिले खोटं सांगत होतो."

डॉक्टरबाई त्यांना रागावल्या. म्हणाल्या, एवढे शिकलेले आहात, तुम्हाला सांगायला पाहिजे का. बाबा खाली मान घालून ऐकत होते, ज्या माणसानं पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना रागावलं तो माणूस. मी बाजूच्या स्टुलावर बसून राहिले. खरं काय ते तेव्हाही सांगितलं नाही. गाडीत परत येताना सौंदडची एक बाई समोरच्या बाकावर होती, ती बाबांना धानाच्या रोवणीबद्दल, पावसाबद्दल काहीबाही विचारत होती आणि ते नीट उत्तरं देत होते.

हात आला नाही. थोडासा आला: कोपरातून वाकायचा, सदरा घालताना साथ द्यायचा. बोटं उघडली नाहीत. ते डाव्या हातानं जेवायला शिकले, सही करायला शिकले. फळा त्या मुलीकडेच राहिला. व्यायाम वेळेवर केला असता तर हात पूर्ण आला असता का, हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरबाईंना मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "असं नसतं सांगता येत." बाबा त्यानंतर पाच वर्षं होते.

मागच्या उन्हाळ्यात तिरोड्याला गेले असताना आईला मी त्या फोनबद्दल सांगितलं. डॉक्टरबाईंना मी रोज म्हणून सांगितलं होतं ते. आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी तिथंच होती. ऐकलं मी," ती म्हणाली. "अन् पडद्याचंही मले समजलं होतं. ज्याच्यानं गिलास नाही उचलत, तो माणूस एवढ्या रेघा कसा काढते?"

"मग बोलली का नाहीस?"

"ते हसत होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, राहू दे थोडे दिवस. मंग उशीर झाला."

इतकी वर्षं हे आपलं एकटीचं आहे असं मी समजत होते. त्या दुपारी कळलं की माझ्या बाजूला बसलेली ही बाईही तेच घेऊन जगत आली होती, आणि मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मी तिच्याजवळ सरकून बसले. तिनं अर्धे तांदूळ माझ्या पुढ्यात ओढून दिले, आणि आम्ही दोघी खडे वेचत बसलो.